रेडिएटर बदलला, पाण्याचं काय?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कात्रजचा घाट ओलांडून खेड शिवापूर, चेलाडी, कापूरहोळ अशी गावं मागे पडतात आणि किकवी लागतं. पुढे सारोळा, नीरेवरचा पूल, शिरवळ, खंडाळा आणि मग खंबाटकीचा चढ. किकवीकराच्या मागेही घाट आणि पुढेही घाट. भोरवरून महाडला उतरायचं तर वरंधा, वाईवरून महाबळेश्वरला जायचं तर पसरणी. अशा मुलखात जुनी गाडी बाळगणाऱ्याने तिच्या इंजिनाच्या ताकदीइतकीच त्याच्या थंडाव्याची काळजी घ्यायला हवी. हे मला एप्रिलमधल्या एका दुपारी खंबाटकीच्या चढावर कळलं.

आमची छोटी गाडी पंचवीस वर्षांची. दोनेक महिने ती थोडं थोडं पाणी पीत होती. दर आठवड्याला बॉनेट उघडायचं आणि बोअरच्या पाण्याने भरलेली डिकीतली बाटली रिकामी करायची, असा माझा क्रम झाला होता. त्या दुपारी घाटाच्या मध्यावर टेंपरेचरचा काटा लाल रेघेला भिडला, बॉनेटच्या कडेने वाफ निघू लागली आणि गाडी बाजूला घ्यावी लागली. दोन दिवसांनी गावातल्या मिस्त्रींनी रेडिएटर खाली उतरवला, उन्हात तिरका धरला आणि वरच्या तोंडातून आत बघायला सांगितलं. नळ्यांच्या ओळीपैकी निम्म्याअधिक तोंडांवर पांढरट-तांबूस खडा चढला होता. त्यांनी तारेने थोडा खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. बोटांत चुरडला तर रांगोळीसारखा कुरकुरला.

"पाणी कुठलं टाकता?"

"बोअरचं."

"मग रेडिएटर नवा घातला तरी तो किती दिवस टिकणार?"

त्यांच्या या प्रश्नातच या लेखाचा सगळा विषय आला. जुन्या गाडीचा रेडिएटर वयाने थकतो, तसाच आपण त्यात ओततो त्या पाण्यानेही मरतो. पाणी न बदलता रेडिएटर बदलणं म्हणजे रोग तसाच ठेवून अंथरूण बदलणं.

उष्णतेची वाटणी

पेट्रोल जळून जी ऊर्जा मिळते, तिचा फार तर पाव ते तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. ढोबळ मानाने तेवढाच हिस्सा सायलेन्सरमधून धुरावाटे बाहेर पडतो. उरलेली उष्णता इंजिनाच्या धातूत शिरते आणि ती बाहेर काढणं हे पाण्याचं काम. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि हेडमध्ये पोकळ वाटा असतात. वॉटर पंप त्यांतून पाणी फिरवतो, तापलेलं पाणी वरच्या होसमधून रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांतून जाताना निवतं आणि खालच्या होसने परत इंजिनात जातं. नळ्यांच्या मधोमध पातळ पत्र्याच्या पापुद्र्यांची जाळी असते. तिच्यामुळे वाऱ्याला भिडणारं क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढतं.

रेडिएटर हे नाव थोडं फसवं आहे. नावावरून तो उष्णता किरणांनी फेकत असेल असं वाटतं, पण नव्वदेक अंशांच्या पाण्याची बहुतेक उष्णता जाळीतून आरपार जाणारी हवाच घेऊन जाते. म्हणून घाटात पंचाईत होते. सपाटीवर गाडी पळत असताना वारा फुकट मिळतो. घाटात इंजिन जोर लावून उष्णता भरपूर काढतं, पण गाडीचा वेग कमी म्हणून वारा तोकडा पडतो. तिथे सगळी भिस्त पंख्यावर आणि नळ्या किती मोकळ्या आहेत यावर.

सुरुवातीच्या मोटारींमध्ये पाणी तापवून ते वाफेने उडू देण्याचाही रिवाज होता, त्यामुळे वाटेत सारखं पाणी भरावं लागे. हे चित्र पालटलं ते जर्मन अभियंता विल्हेल्म मायबाख यांच्या मधमाशांच्या पोळ्यासारख्या रेडिएटरने. 1900 च्या अखेरीस तयार झालेल्या 35 अश्वशक्तीच्या पहिल्या मर्सिडीज गाडीत त्यांनी सहा मिलिमीटरच्या 8,070 चौकोनी नळ्या एकमेकींना जोडून बसवल्या. त्यामुळे गाडीला लागणारं पाणी नऊ लिटरवर आलं. तत्त्व आजही तेच आहे : पाणी थोडं, पण वाऱ्याशी त्याची गाठ जास्तीत जास्त जागी.

कुकर आणि झाकण

रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे. त्यात स्प्रिंग आणि झडप असते आणि बहुतेक लहान गाड्यांच्या झाकणावर 0.9 हा आकडा कोरलेला असतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा चौरस सेंटिमीटरला 0.9 किलोने वाढेपर्यंत झडप उघडत नाही. घरचा कुकर साधारण एक किलो दाबावर शिट्टी देतो, म्हणजे आपली गाडी एक छोटा कुकरच पुढे लावून चालते. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यात 100 अंशांना उकळणारं पाणी या दाबाखाली 118-119 अंशांपर्यंत तग धरतं.

हेच झाकण सैल झालं की उलटा हिशेब सुरू होतो. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी लवकर उकळतं, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश लवकर. पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर, तिथे उघडं पाणी 98 अंशांना उकळतं. महाबळेश्वर 1,300 मीटरहून उंच, तिथे 95-96 अंशांनाच बुडबुडे येतात. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर पसरणीच्या माथ्यावर गाडीचं पाणी उकळेल आणि दोष मात्र रेडिएटरवर जाईल. झाकण स्वस्त असतं, म्हणून रेडिएटर बदलताना तेही नवं घ्यावं, आकडा जुन्यावर असेल तोच.

आणि कुकरचा नियम इथेही लागू होतो. वाफ कोंडलेली असताना झाकण उघडायचं नाही. गरम गाडीचं झाकण फिरवलं की दाब एकदम उतरतो, शंभराच्या वर गेलेलं पाणी त्याच क्षणी उकळतं आणि कारंजं थेट तोंडावर येतं. वरची होस हाताने दाबून बघावी. ती मऊ आणि गार लागली तरच झाकणाला हात लावावा.

बंबातला थर, गाडीतला थर

आता पाण्याकडे येऊ. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना आतला पांढरा थर आठवत असेल. तोच थर गाडीत बसतो आणि त्याचं रसायनही तेच.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांवर पाऊस धो धो पडतो आणि पावसाचं पाणी मृदूच असतं. पण ते काळ्या बसाल्टच्या भेगांतून झिरपून खोल उतरतं तेव्हा वाटेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेतं. बोअरमधून वर येतं ते हे क्षारवालं पाणी. त्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं तोवर दिसत नाही. पाणी तापलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, उरते. पाणी जितकं गरम तितकी ती कमी विरघळते, म्हणून थर सर्वांत आधी हेडच्या आतल्या भागात, ज्वालेच्या लगत बसतो. तिथून सुटलेले कण, गंज आणि गाळ मिळून रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवतात.

तांबं उष्णता वाहण्यात पटाईत, तर चुनखडी त्याच्यापेक्षा शंभराहून जास्त पटींनी मंद. त्यामुळे कागदाएवढा थरसुद्धा उष्णतेच्या वाटेत भिंत बनतो.

थोडा हिशेब मांडू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता इष्ट मानतात आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. समजा, आपल्या बोअरची कठीणता 400 आहे. गाडीत एकदाच चार लिटर भरलं तर दीड ग्रॅमच्या आसपास क्षार आत गेले. तेवढ्याने फार बिघडत नाही. पण गाडी गळकी असेल आणि दर आठवड्याला अर्धा लिटर टाकत गेलो तर वर्षाला 26 लिटर होतात, म्हणजे दहा ग्रॅमहून जास्त क्षार. पाणी वाफ होऊन जातं, क्षार आतच राहतात. सगळेच नळ्यांना चिकटतात असं नाही, पण पाच वर्षांत पन्नास ग्रॅम खडा आपण आपल्या हाताने आत घातलेला असतो. थोडक्यात, पहिल्या भरणीपेक्षा रोजची वरकड भर जास्त घातक. पाणी कमी होतंय हे दिसल्यावर बाटली ओतून पुढे जाणं हीच माझी खरी चूक होती.

कूलंट इथे कशाला?

"आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, मग कूलंट कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. कूलंटमधला मुख्य पदार्थ म्हणजे इथिलीन ग्लायकॉल. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असं मिश्रण उणे 36-37 अंशांपर्यंत गोठत नाही. किकवीला त्याचा उपयोग नाही हे खरं. उलट शुद्ध पाणी या मिश्रणापेक्षा उष्णता जास्त वाहतं, हेही मान्य करायला हवं.

तरीही कूलंट लागतो, कारण त्यातली गंजरोधक द्रव्यं. जुन्या गाडीत ब्लॉक बहुधा बीडाचा, हेड ॲल्युमिनियमचं आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा. तीन वेगळे धातू एकाच क्षारयुक्त पाण्यात बुडाले की ती एक बॅटरीच होते आणि त्यातला दुबळा धातू हळूहळू झिजतो. गंजरोधकं धातूवर अतिशय पातळ कवच धरून ही झीज रोखतात. शिवाय ग्लायकॉलमुळे मिश्रण काही अंश उशिरा उकळतं.

बाजारात दोन प्रमुख जाती आहेत. सिलिकेटवाल्या जुन्या पद्धतीच्या कूलंटचं आयुष्य साधारण दोन वर्षं, सेंद्रिय आम्लांवर आधारलेल्या नव्या कूलंटचं पाच वर्षांच्या आसपास. हिरवा, गुलाबी, नारिंगी हे रंग कंपनी घालते, त्यावरून जात ओळखता येत नाही. डब्यावरचं वाचावं आणि दोन जाती एकत्र करू नयेत. एकमेकींच्या गंजरोधकांचा गुण त्या मारतात आणि कधी कधी गाळही धरतो.

बदलण्याआधी

रेडिएटरवर शिक्का मारण्याआधी बाकीचे संशयित तपासावेत. पंखा वेळेवर लागतो का? पट्टा सैल आहे का? वॉटर पंपाखाली ओल दिसते का? झाकण धड आहे का? आणि थर्मोस्टॅट?

थर्मोस्टॅट ही मेणाने चालणारी झडप. बऱ्याच गाड्यांत ती 82 किंवा 88 अंशांना उघडू लागते, आकडा तिच्यावर कोरलेला असतो. मेण वितळलं की फुगतं आणि झडपेला ढकलतं. ती तपासणं सोपं आहे. एका टाकाऊ पातेल्यात पाणी घ्यावं, थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्यभागी लटकवावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि खाली गॅस लावावा. आमचा 82 चा होता. ऐंशीपर्यंत तो ढिम्म होता, मग पितळी चकती हळूच उचलली गेली आणि उकळी येईस्तोवर पूर्ण उघडली. चांगला निघाला. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा, हा आपल्याकडचा सर्रास उपाय. पण त्याने इंजिन योग्य तापमानाला पोचायला फार वेळ घेतं, पेट्रोल जास्त खातं, लवकर झिजतं आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

ऑइलची कांडी काढून बघावी. ऑइल दुधाळ दिसलं किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. तिथे रेडिएटर बदलून भागणार नाही.

तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर दुरुस्तीचीही वाट आहे. जाणता कारागीर वरची-खालची टाकी सोडवतो, नळ्यांतून पातळ पट्टी फिरवून त्या मोकळ्या करतो आणि पुन्हा डाग देऊन टाकी जोडतो. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी असलेल्या रेडिएटरचं असं होत नाही. तो बदलावाच लागतो.

प्रत्यक्ष काम

नवा रेडिएटर घेताना जुना शेजारी ठेवून जुळवावा : बसण्याचे खुंट, होसच्या तोंडांची जाडी, पंख्याच्या स्विचचं भोक, झाकणाची घडण. एसीच्या आणि बिनएसीच्या गाडीचे रेडिएटर वेगळे असू शकतात. वरची-खालची होस आणि क्लिपा त्याच वेळी नव्या घ्याव्यात.

गाडी सपाटीवर आणि पूर्ण गार हवी. पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, कारण काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही पंखा अचानक लागतो. खाली पसरट घमेलं ठेवून तळाचा ड्रेन प्लग सोडावा, नसेल तर खालची होस. होस चिकटून बसली असेल तर पेचकसाने उचकटू नये, तोंड फुटतं. होस बदलायचीच आहे, तर ब्लेडने उभी चिरून सोलून काढावी. मग पंख्याची वायर, पंखा आणि शेवटी रेडिएटरचे बोल्ट. खालची रबरं जपून ठेवावीत. ती नसली की रेडिएटर खडखडतो आणि वर्षभरात चिरतो.

नवा बसवण्याआधी इंजिन धुवायचं. थर्मोस्टॅट काढलेला असताना वरच्या बाजूने नळाचं पाणी सोडावं आणि खालून नितळ येईपर्यंत वाहू द्यावं. आमच्या गाडीतून आधी चहाच्या रंगाचं, मग हळदीच्या रंगाचं आणि वीसेक मिनिटांनी स्वच्छ पाणी आलं. शेवटची धुणी डिस्टिल्ड वॉटरची, म्हणजे आत उरणारं पाणीही बिनक्षाराचं राहतं. ॲल्युमिनियमच्या भागांत घरगुती ॲसिड मात्र कधीही घालू नये.

भरणं आणि हवा काढणं

इथे एक बारकावा बरेच जण विसरतात. सगळं रिकामं केलं असं वाटलं, तरी ब्लॉकच्या खाचांत आणि हीटरमध्ये बरंच पाणी राहतं. तयार मिसळलेला कूलंट वरून ओतला तर आतल्या पाण्याने तो पातळ होतो. म्हणून कॉन्सन्ट्रेट घ्यावा. मॅन्युअलमध्ये एकूण मापाचा आकडा असतो, लहान गाड्यांत तो साधारण तीन ते पाच लिटर. समजा, माप चार लिटर आहे आणि प्रमाण निम्मंनिम्मं ठेवायचं आहे, तर आधी दोन लिटर कॉन्सन्ट्रेट ओतावा आणि मग डिस्टिल्ड वॉटरने तोंडापर्यंत भरावं. प्रमाण डब्यावर सांगितल्याप्रमाणे ठेवावं. कॉन्सन्ट्रेट जास्त झाला म्हणून थंडावा वाढत नाही, उलट घटतो.

हीटरचा नॉब पूर्ण गरमवर करावा, म्हणजे त्या वाटेतही कूलंट फिरेल. अगदी सावकाश ओतावं. बॅटरी जोडून, झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू करावं आणि तोंडाजवळ चेहरा नेऊ नये. थोड्या वेळाने वरची होस एकदम गरम होते. थर्मोस्टॅट उघडल्याची ती खूण. पातळी खचकन खाली जाते, मोठाले बुडबुडे येतात. कोंडलेली हवा अशी बाहेर पडते. होस जाड फडक्याने धरून हलकेच दाबली तर राहिलेले बुडबुडेही सुटतात. पातळी खाली गेली की भर घालत राहावी आणि बुडबुडे थांबले की झाकण लावावं. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवावी. बाजूच्या टाकीत दोन रेघांच्या मध्ये कूलंट ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना पातळी पुन्हा बघावी. थोडी उतरलेली असते, ती भरून काढावी.

जुना कूलंट कुठे ओतायचा?

ओढ्यात नाही, शेताच्या बांधावर नाही आणि अंगणात तर मुळीच नाही. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. लहान मुलांनाही तेवढाच धोका. या भागातला प्रत्येक ओढा शेवटी नीरेला मिळतो. जुना कूलंट घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहून, जिथे वापरलेलं ऑइल गोळा करून पाठवतात अशा गॅरेजला विचारून द्यावा. घमेलं लगेच धुवावं आणि पुन्हा घरात वापरू नये.

वाटेत गरम झालीच तर

काटा वर जाऊ लागला की एसी बंद करावा, खिडक्या उघडून हीटर पूर्ण सुरू करावा. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, पण हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच. तरीही काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली, तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन बंद करावं. किमान अर्धा-पाऊण तास थांबावं. तापलेल्या हेडवर गार पाणी ओतलं तर ते वाकतं किंवा चिरतं, आणि मग रेडिएटरच्या कितीतरी पट खर्च येतो.

नवा रेडिएटर बसवून आठवडा झाल्यावर मी पुन्हा खंबाटकी चढलो. वेळ तीच, दुपारची. काटा निम्म्याच्या जरा खाली आला आणि माथ्यापर्यंत तिथेच राहिला. उतरल्यावर डिकी उघडली. बोअरच्या पाण्याची बाटली तिथून कधीच गेली होती. तिच्या जागी डिस्टिल्ड वॉटरचा एक सीलबंद कॅन होता आणि त्याचं सील तोडायची गरज अजून पडलेली नव्हती.